गोबीचा लाल रंग पाण्यात उतरतो की तेलात?

मार्च 2024 मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरी आणि बुढ्ढी के बाल यांत कृत्रिम रंग घालायला बंदी केली. गोबीच्या 171 नमुन्यांपैकी 107 मध्ये असुरक्षित रंग सापडले होते. हा नियम कर्नाटकापुरता, महाराष्ट्राच्या सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडला की चालतंय, असा एक समज निपाणीकडे आहे. तो चुकीचा आहे. रोडामाइन-बी हा कापडाचा रंग देशभरातल्या खाण्याच्या रंगांच्या यादीत नाहीच. टार्ट्राझीन (पिवळा), कार्मोझीन (लाल) हे कृत्रिम रंग यादीत आहेत, पण आइस्क्रीम, बिस्किटं अशा ठरावीक पदार्थांसाठी, आणि तेही बहुतेक किलोला 100 मिलिग्रॅमपर्यंत. शुद्ध रंगाची पाव ग्रॅमची चिमूट किलोभर पिठात पडली की 250 होतात.

मुळात मिरची असताना रंग कशाला? ब्याडगीचा लाल रंग म्हणजे मुख्यतः कॅप्सँथिन. त्याच्या रेणूत कार्बनची लांब साखळी असते, एकाआड एक दुहेरी बंधांची. ती निळा-हिरवा प्रकाश शोषते, म्हणून आपल्याला लाल दिसतं. मोठ्या आचेवर, पुन्हा पुन्हा तापलेल्या तेलात ऑक्सिजन नेमके हे दुहेरी बंध गाठतो, साखळी तुटते आणि गोबी तपकिरी पडते. संकेश्वरीला तिखटपणा आहे, ब्याडगीसारखा रंग नाही. गिऱ्हाइकाला मात्र लालभडकच हवं असतं.

या साखळीवर कुठेही विद्युतभार नसल्याने ती पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. कार्मोझीनच्या रेणूला ऋणभारित सल्फोनेट गट असतात, ते पाण्याला धरतात. म्हणून गोबीचा एक तुकडा काचेच्या ग्लासात, थंड पाण्यात सोडा, ढवळू नका. तेलाचे थेंब लाल आणि पाणी नुसतं गढूळ, तर रंग मिरचीचा. पाण्यात लाल धार खाली उतरली, तर वरून घातलेला. सोया सॉसने पाणी तपकिरी होतं, ते धरू नये. बीटही पाण्यात उतरतं, पण उकळत ठेवलं की त्याचा रंग फिका पडत जातो.

याहून पक्की परीक्षा लोकरीची. लाल झालेलं अर्धा कप पाणी गाळून घ्या, वरचं तेल काढा, दोन चमचे व्हिनेगर घाला आणि पांढऱ्या लोकरीचा वीतभर धागा त्यात मंद आचेवर दहा मिनिटं उकळा. लोकर म्हणजे प्रथिन. आम्लात तिच्या अमिनो गटांवर धनभार येतो आणि ऋणभारित रंग तिथे घट्ट चिकटतो. वाहत्या पाण्यात चोळून धुतल्यावर नैसर्गिक रंग बहुतेक निघून जातो, कार्मोझीन राहतं. धागा खऱ्या लोकरीचा हवा. बाजारातली विणायची ‘लोकर’ बहुधा अ‍ॅक्रिलिक असते. टोक जाळून पाहा, केस जळल्याचा वास आला तर खरी, वितळून गोळी झाली तर अ‍ॅक्रिलिक. घोंगडीची लोकर खरी, पण काळी, त्यामुळे निरुपयोगी.

या परीक्षेतून सुदान निसटतो. मिरचीपुडीत मिसळला जाणारा हा रंग कॅप्सँथिनसारखाच तेलात विरघळतो, पाण्यात नाही. ग्लासातलं पाणी स्वच्छ राहिलं म्हणजे पूड शुद्ध, असं समजू नये. सुदानसाठी प्रयोगशाळाच लागते.

अजिनोमोटोच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर बोंब असते. त्यातलं ग्लुटामेट टोमॅटोतही आहे. ‘अजिनोमोटो वापरत नाही’ अशी पाटी लावलेल्या गाड्यावर लालभडक गोबी खुशाल खाणाऱ्यांचं काय करायचं?

शंका पक्की वाटली तर 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 40 प्रमाणे कोणीही ग्राहक फी भरून विकत घेतलेला पदार्थ सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. तपासणीला देणार आहोत हे विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं. अहवालात दोष निघाला तर भरलेली फी परत मिळते.