थियागो सिल्वाचं फुफ्फुस आणि त्यानंतरची वीस वर्षं

थियागो सिल्वा कुठे कुठे खेळला याची यादी काढली तर रियोपासून सुरुवात होते, मग दक्षिण ब्राझील, पोर्तुगालमधलं पोर्टो, मॉस्को, परत रियो, मग मिलान, पॅरिस, लंडन आणि २०२४ ला पुन्हा रियो. सेंटर बॅक, म्हणजे डिफेन्समधला मधला खेळाडू, म्हणून ब्राझीलसाठी शंभरच्या वर मॅचेस, २०१० ते २०२२ चार वर्ल्ड कपच्या टीममध्ये, त्यातल्या २०१४ ला तर घरच्या मैदानावर कॅप्टन. हे सगळं फुटबॉल बघणाऱ्यांना माहितीच असतं. पण या यादीत मॉस्कोच्या नावापुढे एकही ऑफिशियल मॅच नाहीये आणि मला बोलायचंय ते मुख्यतः त्याच रिकाम्या जागेबद्दल, कारण तिथे त्याला टीबी झाल्याचं निघालं आणि तो साधारण सहा महिने हॉस्पिटलमध्ये होता. वय होतं वीस-एकवीस.

त्याआधीचं थोडक्यात सांगतो. जन्म २२ सप्टेंबर १९८४, रियो. लहानपणी विंगवर, मग मिडफिल्डमध्ये खेळायचा, नंतर डिफेन्समध्ये आला. दक्षिणेतल्या जुवेंतुद क्लबकडून २००४ ला इतका चांगला खेळला की पोर्टोने उचलला, पण तेव्हा तिथे तो बी टीमच्या वर गेलाच नाही, मेन टीमची एकही मॅच नाही. २००५ मध्ये तिथून डायनॅमो मॉस्कोला गेला आणि तिथे हे निदान झालं. फुटबॉल सोडून द्यावं असं वाटत होतं हे त्याने नंतर स्वतः सांगितलंय.

आता टीबी आतमध्ये नेमकं करतो काय ते बघू, कारण ते कळल्याशिवाय पुढची वीस वर्षं किती मोठी गोष्ट आहे ते लक्षात येत नाही.

टीबीचा जंतू हवेतून येतो. कोणीतरी खोकतं, बारीक थेंब हवेत तरंगत राहतात आणि त्यातले काही श्वासाबरोबर थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत, म्हणजे वायुकोशापर्यंत जातात. तिथे आपल्या पहाऱ्यावरच्या पेशी असतात, मॅक्रोफेज. मॅक्रोफेज जंतूला गिळते, एरवी गिळलं की आत जिरवून टाकते आणि विषय संपतो. टीबीच्या जंतूच्या भोवती मात्र मेणासारख्या पदार्थांचं जाड आवरण असतं आणि तो पेशीच्या आतली ती जिरवायची प्रक्रियाच अडवून ठेवतो, म्हणजे ज्या पेशीने त्याला मारायचं तिच्याच पोटात तो राहायला लागतो. आणि वाढतो अगदी सावकाश. पोटातले साधे ई. कोलाय जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात, याला त्यासाठी वीसेक तास लागतात! शरीर मग आणखी पेशी पाठवून त्या जागेला वेढा घालतं, तिथे एक बारीक गाठ तयार होते आणि बहुतेक लोकांत लढाई तिथेच थांबते, जंतू आत झोपून राहतो आणि माणसाला आयुष्यभर काही कळतही नाही. जगातल्या जवळपास पाव लोकांना कधी ना कधी असा संसर्ग झालेला आहे असा अंदाज आहे आणि त्यातल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच पुढे प्रत्यक्ष आजार होतो. संसर्ग आणि आजार यांच्यात कधी काही महिने, कधी काही वर्षं जातात, त्यामुळे थियागोला मॉस्कोत टीबी निघाला म्हणून तो मॉस्कोतच झाला असं कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

वेढा फुटला की खरा त्रास सुरू होतो. गाठीचा मधला भाग सडतो, मऊ होतो, फुफ्फुसाला आतून पोकळी पडते आणि त्या पोकळीत भरपूर ऑक्सिजन असल्याने जंतू तिथे अजून जोमाने वाढतात. वजन उतरतं, संध्याकाळी ताप येतो, रात्री घामाने अंथरूण भिजतं, खोकला जात नाही. खेळाडूच्या बाबतीत यातली बरीच लक्षणं सुरुवातीला थकव्यावर किंवा थंडीवर ढकलली जातात आणि मला वाटतं तरुण, धडधाकट माणसांत निदान उशिरा होण्याचं हे एक मोठं कारण आहे, आजूबाजूच्या कोणाच्या डोक्यातच टीबी येत नाही.

औषधं आहेत आणि चांगली आहेत. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल ही चार औषधं पहिले दोन महिने, मग पुढचे चार महिने त्यातली दोन किंवा तीन. औषधं लागू पडत असतील तर जोरात वाढणारे बहुतेक जंतू पहिल्या काही दिवसांतच मरतात आणि साधारण दोन आठवड्यांत पेशंटपासून दुसऱ्याला होण्याचा धोकाही खूप कमी होतो. मग सहा महिने कशाला? कारण थोडे जंतू जवळजवळ न वाढता सुस्त पडून राहतात आणि औषधांचा मारा वाढणाऱ्यांवर जास्त चालतो. हे सुस्त जंतू एकेक करून संपवायला वेळ लागतो. महिन्या-दीड महिन्यात बरं वाटायला लागतं, भूक लागते, वजन वाढतं आणि नेमके तेव्हाच लोक गोळ्या सोडतात, आपल्याकडे तर हे इतकं होतं की सांगायची सोय नाही. उरलेले जंतू मग परत वाढतात आणि अर्धवट औषधांतून वाचलेले असल्याने औषधांना दाद न देणारेही निघू शकतात.

रशियात तेव्हा टीबीच्या पेशंटला महिनोन्महिने हॉस्पिटलमध्ये ठेवायची जुनी पद्धत चालू होती. इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती आपल्या देशातली आहे आणि शाळेत कोणी शिकवत नाही. १९५० च्या दशकात जगभर समजूत अशी होती की टीबीवर सॅनेटोरियम पाहिजे, म्हणजे स्वच्छ हवा, पूर्ण आराम, भरपूर खाणं. भारताकडे लाखो पेशंट होते आणि एवढे बेड कुठून आणणार? म्हणून मद्रासला अभ्यास केला गेला, वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या टीमने पेशंटचे दोन गट केले, एक सॅनेटोरियममध्ये आणि दुसरा आपापल्या घरी, औषधं दोघांना तीच. घरचे पेशंट गरीब, दाटीवाटीच्या वस्तीतले, खाणंही सॅनेटोरियमपेक्षा बरंच कमी. १९५९ ला निकाल छापून आला आणि दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले होते, शिवाय घरी राहिलेल्यांमुळे घरच्यांना जास्त टीबी झाला असंही निघालं नाही. बरं करतात ती औषधं, हे त्यातून सिद्ध झालं आणि जगभरातली सॅनेटोरियम हळूहळू रिकामी होत गेली. मद्रासचं हे काम मला भारतीय भूमीवर झालेल्या सगळ्यात मोठ्या वैद्यकीय अभ्यासांपैकी एक वाटतं.

असो, परत थियागोकडे. टीबी बरा झाला की फुफ्फुस पहिल्यासारखं होतं का? प्रामाणिक उत्तर, पूर्ण नाही. जिथे जखम खोल होती तिथे व्रण राहतो, एक्स-रेवर तो डाग म्हणून दिसतो आणि व्रणाची जागा लवचिक नसते, तिथून ऑक्सिजनची देवाणघेवाण होत नाही. किती भाग गेला ते मुख्यतः निदान किती लवकर झालं यावर ठरतं. पोकळ्या पडायच्या आधी औषध सुरू झालं तर नुकसान थोडं, महिनोन्महिने उशीर झाला तर कायमची धाप.

पण फुफ्फुसात जागा प्रचंड असते. कोट्यवधी वायुकोश पसरून ठेवले तर साधारण सत्तर चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ अख्खं बॅडमिंटन कोर्ट भरेल. बसल्या जागी आपण मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत-बाहेर करतो, जोरदार पळताना हाच आकडा शंभर-दीडशे लिटरवर जातो आणि तरीही निरोगी माणसात बहुतेक वेळा आधी हात टेकतं ते हृदय, फुफ्फुस नाही. हृदय मिनिटाला किती रक्त स्नायूंपर्यंत पोचवतं यावर दमसास ठरतो. त्यामुळे फुफ्फुसाचा लहानसा भाग व्रणात गेला तरी उरलेलं काम भागवू शकतं, अगदी प्रोफेशनल फुटबॉलसुद्धा.

मग सहा महिने हॉस्पिटलमध्ये काढल्यावर खरं काय गेलं होतं? हृदय, रक्त आणि स्नायू. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला एक प्रयोग झाला होता, वीस वर्षांच्या पाच तरुणांना तीन आठवडे बिछान्यात झोपवून ठेवलं. उठल्यावर त्यांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता पाव भागाहून जास्त पडली होती! मग त्यांच्याकडून दोन महिने व्यायाम करून घेतला आणि ती नुसती भरून आली नाही, काहींची पहिल्यापेक्षा वर गेली. तीस वर्षांनी, पन्नाशीत, तेच पाच जण परत तपासले तेव्हा तीस वर्षांच्या वयाने केलेली घट ही त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केलेल्या घटीपेक्षा कमी निघाली. मला हा प्रयोग फार आवडतो कारण थियागोच्या बाबतीतले दोन्ही प्रश्न त्यात आहेत, विशीत हॉस्पिटलमधून उठून तो परत उभा कसा राहिला आणि चाळिशीत अजून खेळतोय कसा. पडून गेलेली ताकद परत मिळवता येते. व्रण तेवढा जात नाही.

२००६ ला रियोच्या फ्लुमिनेन्से क्लबने त्याला घेतलं. २००७ ला कोपा दो ब्राझील जिंकला, २००८ ला लिबेर्तादोरेसच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या, फायनलपर्यंत गेले आणि पेनल्टीवर हरले, तोपर्यंत फॅन लोक त्याला राक्षस म्हणायला लागले होते. मग इटलीतला एसी मिलान. तिथे परदेशी खेळाडूंच्या नियमामुळे पहिले सहा महिने नुसती प्रॅक्टिस, नंतर २०११ ला सेरी आ, म्हणजे इटलीची लीग, जिंकली. २०१२ ते २०२० पॅरिसचा पीएसजी, सात लीग टायटल. २०२० ची चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, तिची फायनल बायर्नकडून हरला आणि त्याच महिन्यात फ्रीमध्ये लंडनच्या चेल्सीला गेला, वय छत्तीसच्या जवळ. पुढच्या मे महिन्यात चेल्सी फायनलला, मॅच कोविडमुळे इस्तंबूलहून हलवून पोर्टोला नेलेली, म्हणजे ज्या क्लबने त्याला मेन टीममध्ये कधी खेळवलंच नव्हतं त्याच क्लबच्या मैदानावर तो फायनल खेळला आणि युरोपचा चॅम्पियन झाला. दुखापतीने ३९ व्या मिनिटाला बाहेर यावं लागलं हे खरं, पण तिथपर्यंत समोरच्या मँचेस्टर सिटीला गोल नव्हता आणि नंतरही झाला नाही.

या वयात स्पीड नसतो हे कोणीही सांगेल. स्नायूंतले वेगवान तंतू वयाबरोबर कमी होतात, बारीक होतात, स्प्रिंट मंदावतो, व्यायामाने ही घसरण लांबवता येते पण थांबवता येत नाही. मग तो पंचविशीच्या स्ट्रायकरसमोर टिकला कसा?

त्याची एखादी जुनी मॅच लावा आणि बॉलकडे न बघता फक्त त्याच्याकडे बघा. समोरचा मिडफिल्डर बॉल घेतो तेव्हा थियागोचं डोकं सतत फिरत असतं, बॉल, मग खांद्यावरून मागे स्ट्रायकर, परत बॉल. मिडफिल्डरने पास द्यायला मान खाली घातली, कंबर एका बाजूला उघडली की हा दोन पावलं मागे सरकलेला असतो, बॉल अजून पायातून सुटलेलाही नसतो. खेळाचा अभ्यास करणाऱ्यांनी हे लॅबमध्येही तपासलंय, मॅचचा व्हिडिओ बॉलला पाय लागायच्या किंचित आधी थांबवतात आणि पुढे काय होणार ते विचारतात. कसलेले खेळाडू नवख्यांपेक्षा खूप जास्त वेळा बरोबर सांगतात कारण ते समोरच्याची कंबर, खांदा, पायाची ठेवण वाचत असतात. नॉर्वेचे गेयर योर्डेट यांनी प्रीमियर लीगच्या मिडफिल्डर्सचं डोकं किती वेळा फिरतं ते मोजलं, तर जास्त वेळा आजूबाजूला बघणाऱ्यांचे पास जास्त यशस्वी होत होते.

हिशोब सोपा आहे. स्ट्रायकर सेकंदाला आठ मीटर पळतोय आणि तुम्हाला त्याची धाव अर्धा सेकंद आधी कळली, तर तुम्हाला चार मीटर फुकट मिळाले. वयाने स्प्रिंटमध्ये जेवढं नेलंय त्यापेक्षा हे कितीतरी जास्त आहे. आणि हे वाचन हजारो मॅच-प्रॅक्टिसमधून येतं, त्याला वय लागतं. कोच टुखेलने चेल्सीत तिघांचा डिफेन्स लावून थियागोला मधोमध ठेवलं, बाजूचे दोघे पळायला आणि हा वाचायला, हा मला त्या सीझनचा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय वाटतो.

टीबीच्या वॉर्डात ही गोष्ट सांगितली जावी असं मला मनापासून वाटतं. जगातल्या चार टीबी पेशंटपैकी साधारण एक भारतात आहे, आणि आपल्याकडे अजूनही घरात टीबी निघाला की शेजाऱ्यांना कळू देत नाहीत, मुलीचं लग्न मोडेल म्हणून गोळ्या लपवून घेतल्या जातात. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं फुकट आहेत, दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यायला काहीच हरकत नाही. जेवणाचंही महत्त्व आहे, झारखंडमधल्या २०२३ च्या अभ्यासात पेशंटच्या घरच्यांना जास्तीचं धान्य-डाळ दिली तर त्यांच्यातला नवा टीबी जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी झाला. आणि कोर्स संपल्यावरही जिना चढताना धाप लागत असेल तर ते सहन करत बसू नका, स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुफ्फुसाची क्षमता मोजायची तपासणी, करून घ्या, श्वासाचे व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट असतात.

३० जून २०२५, क्लब वर्ल्ड कप, अमेरिकेतलं शार्लट शहर. समोर इंटर मिलान, जी महिनाभरापूर्वीच चॅम्पियन्स लीगची फायनल खेळून आली होती. फ्लुमिनेन्सेने तिघांचा डिफेन्स लावला, मध्ये थियागो, वय चाळीस वर्षं नऊ महिने. इंटरला एकही गोल करता आला नाही, २-० ने हरली. पुढे सौदीच्या अल हिलालला हरवून ते सेमीफायनलला गेले आणि तिथे चेल्सीने त्यांना २-० ने घरी पाठवलं.