जुन्या नक्षीच्या लादीचा फोटो पाठवण्यापूर्वी

‘अशी एक लादी हवी’ असा निरोप आणि सोबत एकाच लादीचा फोटो. आम्ही जुन्या फरशीला जुळत्या लाद्या पाडून देतो, आणि आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक चौकशा अशाच असतात. मग आम्ही विचारतो, शेजारच्या तीन कशा आहेत? तिथून फोनाफोनी सुरू होते आणि आठवडा त्यातच जातो.

एका लादीवर नक्षी पुरी होत नाही, याला कारण आहे. १३व्या शतकात इंग्लंडमधल्या मठांत आणि चर्चमध्ये लाल मातीत पांढरी माती भरून केलेल्या लाद्या बसवत. एकेक वर्तुळ चार लाद्यांत वाटलेलं असे, कधी सोळांतही. १६व्या शतकात मठ बंद पडले आणि हे कसबही गेलं. १९व्या शतकात तिकडे गॉथिकचं, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीचं वेड आलं, तेव्हा सॅम्युएल राइट याने १८३० मध्ये अशा लादीचं पेटंट घेतलं आणि स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हर्बर्ट मिंटनने त्याचा धंदा उभा केला. लंडनच्या टेंपल चर्चसाठी त्याने वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या जुन्या फरशीचे नमुने उतरवून घेतले. पुढे ब्रिटिश पार्लमेंटच्या तेव्हाच्या नव्या इमारतीतही त्याच्याच लाद्या लागल्या, नक्षी वास्तुकार प्युजिनची. आपल्याकडे कुलाब्याचं अफगाण चर्च आणि भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय इथे मिंटनच्या लाद्या आजही पायाखाली आहेत. सवडीने बघून या.

नक्कल करताना चार लाद्यांची ती रीतही जशीच्या तशी आली. त्यामुळे तुम्ही जिला ‘कमानीची लादी’ म्हणता, ती बहुतेक वेळा वर्तुळाचा पाव भाग असते. तेव्हा फोटोत निदान चार लाद्या, त्यांचे सांधे आणि भिंतीकडची पट्टी येऊ द्या. फोटो उभं राहून सरळ वरून काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा. तिरक्या फोटोवरून माप निघत नाही.

तुमच्या फरशीत तारे, अष्टकोन, त्रिकोण असे सुटे तुकडे असतील तर तिचं घराणं वेगळं. ओवेन जोन्स हा इंग्रज वास्तुकार १८३४ मध्ये स्पेनमधल्या अल्हम्ब्रा राजवाड्यात राहून तिथली अरबी नक्षी कागदावर उतरवू लागला. १८५६ मध्ये त्याने इजिप्त, चीन, इराण आणि आपल्याकडच्याही नक्षीची शंभर रंगीत पानं छापली. कारखानदारांना आयता खजिनाच मिळाला. तुकडे पाडायचं तंत्रही तयार होतं: १८४० मध्ये रिचर्ड प्रॉसरने कोरड्या मातीची भुकटी दाबून बटणं बनवायचं पेटंट घेतलं होतं, त्यावरच या लाद्या निघू लागल्या. अशा फरशीत प्रत्येक रंगाचा तुकडा वेगळा असतो. म्हणून फोटोसोबत प्रत्येक आकाराची एक बाजू मोजून कळवा.

भिंतीवरच्या चकचकीत, उठावाच्या टाइल्सची गंमत और आहे. जपानी वस्तू मांडलेल्या १८६२ च्या लंडन प्रदर्शनानंतर इंग्रज कारखाने जपानी फुलं-पक्षी काढू लागले. पुढे जपानने तशा टाइल्स स्वतःच बनवल्या आणि लक्ष्मी, कृष्ण काढून आपल्याकडे विकल्या! हे काम आम्ही करत नाही, करणाऱ्यांचा पत्ता देऊ.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या जुन्या घरांतली सगळीच नक्षीची लादी ‘मिंटन’ नसते, आणि ‘पोर्तुगीज’ तर क्वचितच. पुष्कळ ठिकाणी ती सिमेंटची असते. ही पद्धत १९व्या शतकात फ्रान्स-स्पेनकडे रुजली, आणि मुंबईत भारत फ्लोअरिंग टाइल्सने १९२२ पासून असा स्वदेशी माल काढला. साच्यातल्या पत्र्याच्या जाळीत रंगीत सिमेंट ओतायचं, जाळी उचलायची, वर कोरडा थर देऊन दाबायचं. भट्टी नाही. आणि सिमेंटला ॲसिड खातं, म्हणून तिला ॲसिड चालत नाही. ‘जरा स्वच्छ करून मग फोटो काढला’ असं कुणी म्हणालं की आमच्या पोटात गोळा येतो, कारण वरचा रंगच गेलेला असतो आणि मूळ छटा कळायला मार्ग उरत नाही. नुसतं पाणी आणि सुती फडकं पुरे. निघालेली लादी असेल तर उलटी करून पाहा. पाठीवर मिंटनसारखं कारखान्याचं नाव आणि आतून भाजलेली माती दिसली तर मातीची, करडं सिमेंट दिसलं तर सिमेंटची.

आम्ही सिमेंटच्या लाद्या हाताने पाडतो. मातीच्या लादीला पर्याय म्हणून सिमेंटची देतो आणि बिलावर तसं स्पष्ट लिहितो. ‘एका लादीला एवढे पैसे?’ असं विचारलं जातं. जाळी वाकवून झाळायचा खर्च एका लादीला लागतो तेवढाच पन्नासांना लागतो, म्हणून थोड्या जास्त घेऊन ठेवल्यात तर परवडतं. जाळी आम्ही जपून ठेवतो, पुढच्या खेपेला तो खर्च लागत नाही.

नवी लादी जुनीच्या शेजारी उठून दिसणारच. मुद्दाम मळवून देणारे आहेत, आम्ही देत नाही. कपाटाखालची जुनी लादी अलगद काढून मधल्या खड्ड्यात बसवा आणि नवी कपाटाखाली जाऊ द्या. आमचा गवंडी हे करून देतो, मजुरी वेगळी. फुटलेले तुकडे मात्र त्याच्यासमोर ठेवा, डेब्रिजच्या गोणीत टाकू नका. रंग त्यांच्यावरूनच जुळवतो.