व्यवस्थापन शिक्षण आणि कामाची गरज (सांगली जिल्हा)

एमबीए, बीबीए यांसारख्या अभ्यासक्रमांतून मिळणारी कौशल्ये आणि पदवीधराला नोकरीत किंवा धंद्यात लागणारी कौशल्ये यांचा मेळ कितपत बसतो, हा व्यवस्थापन शिक्षणातला जुना वाद आहे. सांगली जिल्ह्यात त्याला एक वेगळे अंग आहे. येथील उलाढाल मोठ्या प्रमाणावर ऊस, हळद, द्राक्षे आणि बेदाणा यांवर चालते. अभ्यासक्रमाची घडण मात्र मोठ्या कंपन्या डोळ्यांपुढे ठेवून झालेली आहे.

वादाची पार्श्वभूमी : हार्वर्ड विद्यापीठाने १९०८ मध्ये एमबीए सुरू केले. १९५९ मध्ये गॉर्डन आणि हॉवेल या अर्थशास्त्रज्ञांच्या अहवालाने अमेरिकेतील बिझनेस स्कूलांवर ठपका ठेवला, तो शिक्षण उथळ आणि निव्वळ धंदेवाईक असल्याचा. मग संख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि संशोधन यांचे वजन वाढले; पुढे तक्रार नेमकी उलटली : शिक्षण फार पुस्तकी झाले, कामापासून तुटले. रॉबर्ट रूबिन आणि एरिक डियरडॉर्फ या संशोधकांनी २००९ मध्ये ८,६३३ व्यवस्थापकांकडून मिळालेली माहिती एमबीएच्या सक्तीच्या विषयांशी ताडून पाहिली. माणसे सांभाळणे आणि निर्णयप्रक्रिया हाताळणे ही कामे व्यवस्थापकांना सर्वांत महत्त्वाची वाटत होती आणि अभ्यासक्रमात त्यांनाच सर्वांत कमी जागा होती. भारतात १९६१ मध्ये कोलकाता आणि अहमदाबाद येथे आयआयएम (भारतीय व्यवस्थापन संस्था) निघाल्या, पहिली अमेरिकेतील एमआयटीच्या आणि दुसरी हार्वर्डच्या सहकार्याने. विद्यापीठीय एमबीएवर या साच्याची छाप राहिली. सांगलीतील बहुतेक महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी (स्थापना १९६२) संलग्न आहेत.

ऊस आणि उन्हाळी प्रकल्प : ‘अमुक सहकारी साखर कारखान्याच्या खेळत्या भांडवलाचा (रोजचा व्यवहार चालवायला लागणाऱ्या पैशाचा) अभ्यास’ हे एमबीएच्या प्रकल्प अहवालाचे या भागातले ठरलेले शीर्षक. विषय वाईट नाही, उलट फार चांगला आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावे लागतात. साखर मात्र वर्षभर, २०१८ पासून तर केंद्राने ठरवून दिलेल्या मासिक कोट्यानुसार विकली जाते. मधली तूट साखर तारण ठेवून घेतलेल्या कर्जाने भरून काढायची, व्याज सोसायचे, आणि उसाला दर कमी बसला तर सभासदांच्या प्रश्नांना तोंडही द्यायचे. पण गाळप हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च असतो आणि विद्यार्थी कारखान्यात पोहोचतो तो दुसरे सत्र संपल्यावर, ऐन उन्हाळ्यात. तेव्हा गव्हाणीत ऊस नसतो, यंत्रे खोललेली असतात आणि निम्मे कामगार घरी असतात. मग मागच्या पाच वर्षांचे ताळेबंद घ्यायचे, गुणोत्तरे काढायची, शिक्का घ्यायचा. हळदीचेही तसेच : नव्या मालाची आवक जानेवारी-फेब्रुवारीपासून वाढते, त्या वेळी विद्यार्थी वर्गात बसून पुरवठा साखळीच्या आकृत्या काढत असतो. अभ्यासक्रमातला मजकूर बदलण्याआधी वेळापत्रक बदलले, तरी निम्मे काम होईल.

बाजारपेठेतील कौशल्ये : तासगाव आणि सांगली येथील बेदाण्याच्या सौद्यांत खरेदीदार रंग, गर आणि चिकटपणा पाहून काही क्षणांत भाव बोलतो. ही नजर वर्गात येत नाही. तशी अपेक्षाही धरू नये. उधारीचे मात्र तसे नाही. माल आज जातो, पैसे मागाहून येतात. म्हणून दिवाळीच्या सुमारास सौदे काही काळ बंद ठेवून जुनी येणी-देणी मिटवण्याची रीत आहे. बाजारात तिला ‘झिरो पेमेंट’ म्हणतात. कोणाला किती उधार द्यावे, कोणाचा शब्द चालतो, तगादा कसा लावावा की पैसेही यावेत आणि गिऱ्हाईकही टिकावे, हा खरा वित्तविषयक निर्णय आहे. पाठ्यपुस्तकात तो ‘सरासरी वसुली कालावधी’ एवढ्या एका सूत्रात उरकतो. वायदे बाजाराबाबत, म्हणजे पुढे द्यायच्या मालाचा भाव आजच ठरवण्याच्या व्यवहाराबाबत, तर गंमतच आहे. राष्ट्रीय पातळीवरची एक्सचेंजे निघण्याच्या कितीतरी आधीपासून सांगलीत हळदीचे वायदे होत होते, पण येथील विद्यार्थी वायद्याचे गणित शिकतो ते शेअर बाजाराच्या उदाहरणांवर.

भाषेचाही प्रश्न आहे. मुलाखतीची तयारी म्हणजे इंग्रजी गटचर्चा आणि स्लाइड, असे समीकरण रूढ आहे. पुण्यातल्या नोकरीसाठी ते बरोबरही आहे. मार्केट यार्डातल्या पेढीवर मात्र शेतकऱ्याला हिशेबाची पट्टी मराठीत समजावून सांगावी लागते, आणि जतकडचा किंवा सीमेपलीकडचा माणूस आला तर मोडकेतोडके का होईना, कन्नड लागते.

मालकांची बाजू : छोट्या कारखानदाराची आणि अडत्याची मागणी ठरलेली असते : टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर यायला हवे, जीएसटीचे विवरणपत्र आणि मालवाहतुकीचे ई-वे बिल करता यायला हवे, एक्सेल सफाईने चालवता यायला हवे. ही कामे काही महिन्यांत शिकता येतात. त्यांसाठी दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी मागायची, पगार मात्र कारकुनाचा द्यायचा आणि वर मुलांना काही येत नाही म्हणायचे, यात तक्रारीपेक्षा काटकसर जास्त दिसते. किर्लोस्करवाडीसारख्या (स्थापना १९१०) औद्योगिक वसाहतीत गरज निराळी : तेथे उत्पादन नियोजन आणि दर्जा नियंत्रण समजणारा माणूस लागतो. अशा जागी अभियांत्रिकीनंतर एमबीए केलेला उमेदवार साहजिकच उजवा ठरतो.

जुना दाखला : शेजारच्या साताऱ्यात रयत शिक्षण संस्था वाढवणारे कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांनी उमेदीच्या काळात किर्लोस्करांच्या नांगरांची आणि ओगले काचकारखान्याच्या मालाची विक्री करत गावोगाव फिरण्याचे काम केले होते. पुढे त्यांनी ‘कमवा आणि शिका’ योजना राबवली. व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांत ती आज बहुधा गरजू विद्यार्थ्यांना आधार म्हणून चालते, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून क्वचितच.

पदवीधरांच्या वाटा : नोकरी शोधणारे बरेच जण पुणे-मुंबईकडे जातात आणि बँका, विमा, विक्री अशा क्षेत्रांत शिरतात, त्यांना मोठ्या कंपन्यांसाठी बेतलेला अभ्यासक्रम पुष्कळसा उपयोगी पडतो. घरची पेढी, शीतगृह किंवा द्राक्षबाग असलेली मुले परत येतात. वडिलांच्या वहीतली उधारी संगणकावर आणणे, निर्यातीची कागदपत्रे करणे, बेदाण्याला स्वतःचे पाकीट आणि नाव देणे, या कामांत पदवीचा उपयोग होतो. भाव बोलायला मात्र सौद्यात अजून वडीलच बसतात.