सेल्फ टॅपिंग की सेल्फ ड्रिलिंग? गाडीच्या पत्र्यासाठी स्क्रू निवडताना

हार्डवेअरच्या दुकानात "सेल्फ द्या" म्हटलं की काउंटरवरचा माणूस हाताला लागेल ती पुडी पुढे सारतो. आत सेल्फ टॅपिंग आहे की सेल्फ ड्रिलिंग, हे बघायचं आपण. दोन्ही चकचकीत, दोन्ही पत्र्यात आपापले आटे पाडत जाणारे, म्हणून घोटाळा होतो.

फरक टोकाला आहे. सेल्फ टॅपिंगचं टोक सुईसारखं, आटे अगदी टोकापर्यंत गेलेले. सेल्फ ड्रिलिंगच्या टोकाला चिमुकलं ड्रिल बिटच असतं: दोन बाजूंना खाचा, पुढे धार, आणि तेवढ्या भागावर आटे नाहीत. पावसाळ्याआधी छपराच्या पत्र्याला रबरी वॉशर घालून मारतात, तो हाच. म्हणजे सेल्फ ड्रिलिंगवाला टॅपिंगचं काम करतोच, पण साध्या सेल्फ टॅपिंगला आधी भोक पाडून द्यावं लागतं.

मग गाडीला मडफ्लॅप, हुक किंवा एखादा ब्रॅकेट लावायचा तर ड्रिलिंगवाला सोयीचा, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. ॲक्सेसरीच्या एका दुकानात पोराने मागच्या चाकांचे मडफ्लॅप पाच मिनिटांत ठोकून दिले, मशीनला स्क्रू लावला आणि घुर्रर्र करून आत. पुढच्या पावसाळ्यात स्क्रूच्या डोक्याखालून तपकिरी ओघळ यायला लागला. चाकावरचं प्लॅस्टिकचं अस्तर काढलं तर आत लोखंडाचा कीस गंजून रंगाला चिकटलेला, आणि दोन स्क्रू नुसतेच गरगर फिरत होते.

असं का झालं, ते थोड्या हिशोबाने कळतं. गाडीचा बाहेरचा पत्रा साधारण 0.6 ते 0.8 मिमी जाड असतो. 8 नंबरचा स्क्रू 4.2 मिमीचा, आणि त्याच्या दोन आट्यांमधलं अंतर 1.4 मिमी. म्हणजे 0.7 मिमीच्या पत्र्यात आट्याचा जेमतेम अर्धा वेढा बसतो. त्या अर्ध्या वेढ्यावर सगळी पकड. मशीनचा वेग जरा जास्त झाला की स्क्रू तिथेच फिरतो आणि आटे खलास. शिवाय ड्रिलिंगचं टोक पत्र्याच्या पलीकडे बरंच आत जातं. तिथे वायरिंग असेल तर आवाजही न होता तिचं आवरण सोलून निघतं.

पण माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. ड्रिलिंग स्क्रू मारला की भोक तुम्हाला दिसतच नाही. कारखान्यात पत्र्यावर चढवलेले संरक्षक थर तिथे फाटलेले असतात, कच्ची कड उघडी पडलेली असते आणि तिच्यावर लगेच स्क्रू बसतो. प्रायमर लावायला मधे फटच नाही.

सेल्फ टॅपिंग वापरायचा तर भोक वेगळं पाडावं लागतं, आणि हीच त्याची जमेची बाजू. 8 नंबरसाठी 3.2 मिमीचं बिट पुरतं. रंगावर मास्किंग टेप चिकटवा आणि खूण करून सेंटर पंच (बिट घसरू नये म्हणून बारीक ठसा उमटवणारा टोकदार दांडा) हलक्या हाताने टेकवा. जोराने हातोडी मारलीत तर पत्र्याला खळगा पडेल. मशीनचा हॅमर मोड बंद ठेवा आणि डोळ्यांवर गॉगल लावा. बिटावर टोकापासून पाच मिमीवर टेप गुंडाळली की ते किती आत जातंय ते कळतं. भोक आरपार होताना दाब सोडा. मग मोठं बिट हातानेच दोन वेढे फिरवून कडेची बर (भोकाच्या काठावर उरलेले धारदार कंगोरे) काढा, कीस व्हॅक्यूमने ओढून घ्या, उघड्या धातूला झिंक प्रायमर लावा आणि तो पूर्ण सुकू द्या. स्क्रू बसवताना टोकाला थोडं ग्रीस, आणि शेवटचे वेढे स्क्रूड्रायव्हरने हातानेच.

कंपनी स्वतः बऱ्याच ठिकाणी पत्र्यात थेट स्क्रू मारतच नाही. चौकोनी भोकात प्लॅस्टिकचा नट बसवते, स्क्रू त्या प्लॅस्टिकमध्ये आटे पाडतो आणि पत्र्याला धक्का लागत नाही. हे नट सुटे मिळतात. भार हलका असेल तर मी तेच घेतो.

काही जागी मात्र कुठलाच स्क्रू नको: दाराजवळचे खांब (तिथलं पोलाद फार कडक, आणि अपघातात तेच तुम्हाला वाचवतं), छताची कड जिथे पडदा-एअरबॅग दुमडून ठेवलेली असते, आणि फरशीचा खालचा भाग, जिथून ब्रेक आणि इंधनाच्या नळ्या जातात. इलेक्ट्रिक गाडीत फरशीखाली बॅटरीच असते, तिथे तर मशीन नेऊच नका. बाकी कुठेही ड्रिल लावण्याआधी आतलं ट्रिम, म्हणजे पत्र्यावरचं आवरण, उघडून पलीकडे काय आहे ते डोळ्यांनी बघा आणि 12 व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा.

सेल्फ ड्रिलिंग वाईट नाही. टेम्पोच्या हौद्याखालच्या दोन-तीन मिमीच्या अँगलला तो छान धरतो, कारण तिथे आट्यांना जागा मिळते. माझ्याकडे उरलेली अर्धी पुडी गच्चीवरच्या शेडला लागली, आणि तिथे अजून एकही स्क्रू हललेला नाही.