सूक्ष्मप्लास्टिक आणि खाडीतील माशांचे अन्नग्रहण

नदीचे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मिसळते त्या खाडीतील माशांच्या पोटात 5 मिमी.पेक्षा लहान प्लास्टिकचे कण (सूक्ष्मप्लास्टिक, इंग्रजीत मायक्रोप्लास्टिक) जाणे व त्यामुळे त्यांच्या खाण्यात बदल होणे. 5 मिमी. ही मर्यादा 2008 मध्ये अमेरिकेत झालेल्या शास्त्रज्ञांच्या कार्यशाळेनंतर रूढ झाली. ‘मायक्रोप्लास्टिक’ हा शब्द सागरी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन व सहकाऱ्यांच्या 2004 च्या लेखामुळे सर्वत्र पोहोचला. त्याचा तुरळक वापर त्याआधीचा असावा. माशांच्या पोटातील नोंदी मात्र जुन्या आहेत. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडच्या किनारी पाण्यात 1972 च्या सुमारास तपासलेल्या 14 जातींपैकी 8 जातींच्या माशांत पॉलिस्टायरिनच्या बारीक गोळ्या आढळल्या. पाण्यात पारदर्शक व पांढऱ्या अशा दोन्ही गोळ्या होत्या. माशांनी गिळलेल्या पांढऱ्याच होत्या.

मासा प्लास्टिक निवडून खातो की ते अन्नाबरोबर ओघाने पोटात जाते, हा वाद तेव्हापासूनचा. बाल्टिक समुद्रातील पर्च माशाची पिले भक्ष्यापेक्षा प्लास्टिक पसंत करतात, असे सांगणारा 2016 चा गाजलेला लेख 2017 मध्ये मागे घेण्यात आला. त्याचा आधार आता घेता येत नाही. पोर्तुगालमधील लिमा खाडीतील गोबी या लहान माशाच्या पिलांचा प्रयोग (2015) अधिक भरवशाचा वाटतो. आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक जीवाच्या डिंभांबरोबर (अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिलांबरोबर) पॉलिएथिलीनचे कण सोडल्यावर या पिलांची भक्ष्य पकडण्याची क्षमता सुमारे 65 टक्क्यांनी घटली. शेजारच्या मिन्यो खाडीतील पिलांचा प्रतिसाद तसाच नव्हता, म्हणजे पिलू कुठे वाढले यालाही महत्त्व असावे.

तळाशी चरणाऱ्या माशांबाबत ‘ओघाने’ हेच उत्तर सयुक्तिक दिसते. गोडे-खारे पाणी भेटते तिथे गाळाचे कण एकमेकांना चिकटून पुंजके होतात, त्यांत प्लास्टिक अडकते आणि ते तळाला बसते. बोय मासा भरतीबरोबर चिखलावर येतो, वरचा पातळ थर तोंडाने ओढतो, कल्ल्यांजवळच्या चाळणीतून भरड भाग बाहेर टाकतो आणि बारीक शेवाळ, कुजका पालापाचोळा व रेती गिळतो. रेती त्याच्या जाड स्नायूंच्या जठरात दळणाच्या कामी येते. रेतीएवढा प्लास्टिकचा कण या चाळणीला वेगळा ओळखता येत नाही.

ब्राझीलमधील गोयाना खाडीत शिंगाळ्याच्या कुळातील तीन जातींमध्ये 18 ते 33 टक्के माशांच्या पोटात प्लास्टिक मिळाले (2011). त्यात मासेमारीच्या दोरांचे नायलॉनचे तुकडे होते. याच खाडीच्या पाण्यात सूक्ष्मप्लास्टिकची घनता माशांच्या डिंभांच्या निम्मी व अंड्यांच्या जवळपास बरोबरीची भरली; डिंभांवर जगणाऱ्या माशाला हे कण किती वेळा समोर येत असतील याची त्यावरून कल्पना येते.

गोव्यातील साळ नदीच्या खाडीत पाणी, गाळ, शिंपले व मासे या चारहींत कण नोंदले गेले असून तंतूंचे प्रमाण जास्त आहे. प्रयोगशाळेत मात्र बहुधा नवे, गुळगुळीत गोळे वापरतात. खाडीतील तंतूंवर जीवाणू व शेवाळाचा थर चढलेला असतो, शिवाय प्रयोगातील कणसंख्या बऱ्याचदा खाडीपेक्षा कितीतरी अधिक असते. त्यामुळे लिमाचा 65 टक्क्यांचा आकडा साळ किंवा कोकणातील खाड्यांना जसाच्या तसा लावता येत नाही.