वळताना पुढची दोन चाकं सारखी का वळत नाहीत

नागपुरात इतवारीतल्या नाहीतर महालातल्या एखाद्या बोळीत गाडी काढताना स्टेअरिंग पूर्ण कापलं असेल तेव्हा कधी उतरून समोरून बघा, पुढची दोन्ही चाकं सारखी वळलेली नसतात. आतलं जास्त वळलेलं असतं, बाहेरचं कमी, अन् ते तसंच पाहिजे.

कारण गाडी वळते तेव्हा चारही चाकं एकाच बिंदूभोवती फिरत असतात, पण आतल्या चाकाचं वर्तुळ लहान अन् बाहेरच्याचं मोठं. समजा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, 2.4 मीटर, डाव्या-उजव्या चाकातलं अंतर 1.4 मीटर, अन् मागच्या अ‍ॅक्सलचा मध्य साडेचार मीटर त्रिज्येने फिरतोय, तर आतलं चाक जवळपास 32 अंश वळायला हवं अन् बाहेरचं 25. दोन्ही 28-28 वळवली तर चाकाचं तोंड एकीकडे अन् गाडी नेते दुसरीकडे, मग टायर फिरता फिरता आडवा घासत जातो. यालाच स्क्रब म्हणतात.

यावर उपाय मोटारीच्या आधीचा आहे, बग्गीच्या काळातला. 1817 मध्ये म्युनिकच्या लांकेनस्पर्गर या बग्गी बनवणाऱ्याने तो काढला, इंग्लंडमध्ये 1818 चं पेटंट घेतलं त्याच्या तिथल्या एजंटने, अ‍ॅकरमनने, म्हणून नाव अ‍ॅकरमनचंच राहिलं. मोटारीत हे साधतं ते नकलच्या (चाक ज्यावर बसून वळतं त्या भागाच्या) आर्ममुळे, ते सरळ नसतात तर थोडे तिरपे असतात, त्यामुळे एकाच रॉडने ढकलूनही दोन चाकं वेगवेगळी वळतात. किती सुंदर युक्ती आहे ही, ना सेन्सर ना मोटर! ऑटोला तर याची गरजच नाही, पुढे एकच चाक.

पण हिशोब तंतोतंत जुळतो तो फक्त हळू चालताना. वर्धा रोडवर वेगात वळलात की टायर स्वतःच थोडा तिरपा सरकतो, वजन बाहेरच्या चाकावर जातं, म्हणून कंपन्या दोन चाकांतला हा पूर्ण फरक, म्हणजे पूर्ण अ‍ॅकरमन, न देता मधला मार्ग काढतात. मॉलच्या गुळगुळीत बेसमेंटमध्ये फुल कापल्यावर टायर किंचाळतो त्याचं एक कारण हेच, नवीन गाडीतही होतं, घाबरू नका.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, अलाइनमेंटवाला रॉड फिरवून सरळ चालतानाचा टो (वरून बघितलं तर चाकं किंचित आत की बाहेर वळलेली आहेत ते) सेट करतो, वळतानाचा फरक आर्मच्या आकारातून येतो. खड्ड्यात जोरात आदळून आर्म वाकला असेल तर मशीनवर टो बरोबर दिसूनही टायर खात राहील, तेव्हा टर्न प्लेटवर (चाकाखाली ठेवायची, कोन दाखवणारी फिरती थाळी) दोन्ही चाकांचे कोन मोजून मागा.