दीर्घकालीन ताण व हृद्‌विफलता

आठवडे, महिने किंवा वर्षानुवर्षे टिकणाऱ्या दडपणाला शरीर जो सतत प्रतिसाद देत राहते, त्याला दीर्घकालीन ताण म्हणतात. गरजेपुरते रक्त पुढे ढकलण्याची किंवा दोन ठोक्यांमध्ये नीट भरून घेण्याची हृदयाची क्षमता उणावली, म्हणजे हृद्‌विफलता (हार्ट फेल्युअर) झाली असे समजतात. हृदय बंद पडणे किंवा हृदयविकाराचा झटका येणे या वेगळ्या घटना होत. ताण आणि हृद्‌विफलता यांचा संबंध आहे, हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे; तो थेट आहे की रक्तदाब व हृद्‌रोहिणीविकार (हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांचा विकार) यांच्यामार्फत येतो, याविषयी मतभेद आहेत.

संकल्पनेचा उगम : ताणाच्या शरीरविज्ञानाचे जनकत्व सामान्यतः हान्स सेल्ये यांना दिले जाते. माँट्रियल येथे उंदरांवर प्रयोग करताना त्यांना अधिवृक्क (मूत्रपिंडांवरील) ग्रंथींची वाढ, थायमस ग्रंथीचा ऱ्हास आणि जठरातील व्रण ही तीन लक्षणे एकत्र आढळली. टोचलेला पदार्थ कोणताही असो, परिणाम तोच, असे त्यांनी १९३६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातील एका छोट्या पत्रात मांडले. त्याआधी हार्व्हर्डचे वॉल्टर कॅनन यांनी भीती व क्रोध यांमुळे अधिवृक्क ग्रंथींतून होणारा स्राव आणि लढा-किंवा-पळा प्रतिक्रिया १९१५ च्या सुमारासच वर्णिली होती. हृदयापुरते पाहिल्यास कॅनन यांचा वारसा अधिक उपयोगी ठरतो, कारण पुढे हृद्‌विफलतेच्या उपचारात महत्त्व आले ते अनुकंपी तंत्रिका तंत्रालाच (धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या मज्जासंस्थेच्या भागाला).

सेल्ये यांच्या ‘कोणत्याही आघाताला एकच प्रतिसाद’ या सूत्राला जॉन मेसन यांनी १९७० च्या आसपास आव्हान दिले. माकडांना उपाशी ठेवतानाही त्यांच्यातील मानसिक अस्वस्थता टाळली, तर कॉर्टिसोल (ताणाच्या वेळी अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे संप्रेरक) अपेक्षेप्रमाणे वाढत नाही, असे त्यांना दिसले. म्हणजे निर्णायक ठरते ती धोक्याची जाणीव. १९९३ मध्ये ब्रूस मॅकएवेन व इलियट स्टेलर यांनी सततच्या जुळवणीतून शरीरावर साचत जाणाऱ्या झिजेची कल्पना मांडली. आजचे बहुतेक लेखन तिच्यावरच आधारलेले असून प्रस्तुत नोंदीतही तीच ग्राह्य धरली आहे.

‘अ’ प्रकारच्या व्यक्तिमत्त्वाचा, म्हणजे सदा घाईत असलेल्या व चढाओढीच्या स्वभावाचा, सिद्धांत १९५९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील फ्रीडमन व रोझेनमन यांनी मांडला. तो लोकप्रिय झाला, पण पुढील पाहण्यांत टिकला नाही. या सिद्धांतावरील तसेच सेल्ये यांच्या संशोधनाला तंबाखू उद्योगाकडून पैसा मिळत होता, हे नंतर खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून स्पष्ट झाले. हृदयविकाराचे खापर सिगारेटऐवजी ताणावर फुटणे त्या उद्योगाच्या सोयीचे होते. त्यामुळे त्या काळातील दावे जपूनच वाचावे लागतात.

हृदयावरील क्रिया : ताणाच्या वेळी अनुकंपी तंत्रिका आणि अधिवृक्क ग्रंथी नॉरअ‍ॅड्रिनॅलीन व अ‍ॅड्रिनॅलीन सोडतात, तर मेंदूखालील पोष (पिट्युइटरी) ग्रंथीच्या आदेशाने कॉर्टिसोल वाढते. नाडी जलद होते, रोहिण्या आकसतात. मूत्रपिंडातून रेनिन स्रवते; त्यापुढे अँजिओटेन्सिन व आल्डोस्टेरॉन या संप्रेरकांमुळे मीठ आणि पाणी शरीरात साठते. काही मिनिटांसाठी हे सारे हितकारकच असते. दीर्घकाळ चालले तर रक्तदाब चढा राहतो, डाव्या निलयाची (शरीराला रक्त पुरविणाऱ्या हृदयकप्प्याची) भिंत जाड होते आणि स्नायूंत तंतुमय ऊतक वाढते.

हृद्‌विफल रुग्णाच्या शरीरात हीच यंत्रणा आधीपासून अखंड चालू असते, ही यातील लक्षणीय बाब. हृदय कमी पडू लागले की शरीर त्याला अधिक नॉरअ‍ॅड्रिनॅलीनने हाकू पाहते. रक्तातील नॉरअ‍ॅड्रिनॅलीन जितके जास्त तितकी जगण्याची शक्यता कमी, हे जे. एन. कोन व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये १०६ रुग्णांच्या अभ्यासातून दाखविले. या माऱ्यापुढे हृदयपेशींवरील बीटा ग्राहींची (या संप्रेरकांचा संदेश टिपणाऱ्या रेणूंची) संख्या घटते, असे त्याआधी १९८२ मध्ये ब्रिस्टो यांच्या गटाने नोंदविले होते. कमजोर हृदयाला बीटा-रोधक (या ग्राहींवरील क्रिया रोखणारे) औषध देणे त्या काळी घातक समजले जाई. स्वीडनमधील गोटेबोर्ग येथे फिन वागस्टाइन यांनी १९७५ मध्ये सात रुग्णांवर ते वापरून सुधारणा नोंदविली, तेव्हा फारसा विश्वास कोणी ठेवला नाही. १९९९ मध्ये बायसोप्रोलॉल व मेटोप्रोलॉल या बीटा-रोधकांच्या दोन मोठ्या चाचण्यांत मृत्युदर सुमारे एक-तृतीयांशाने घटला आणि वाद मिटला. अर्थात औषधाने अनुकंपी मारा रोखल्यास लाभ होतो, एवढेच यावरून सिद्ध होते. नोकरीतील वा घरातील ताणाने हृद्‌विफलता जडते, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

लोकसंख्या-अभ्यास : झटक्याबाबतचा पुरावा बराच भक्कम आहे. ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ पाहणीत (२००४) कायम ताणाखाली असल्याचे सांगणाऱ्यांत झटक्याची शक्यता दुपटीहून थोडी अधिक आढळली. युरोपातील १३ पाहण्यांच्या एकत्रित विश्लेषणात (२०१२) कामाच्या ताणामुळे हृद्‌रोहिणीविकाराचा धोका सुमारे २३ टक्के वाढलेला दिसला. हा फरक काही अंशी पद्धतीचा आहे : झटका आल्यानंतर विचारलेल्या प्रश्नाला रुग्ण कारण शोधत उत्तर देतो, त्यामुळे दुसरा आकडा अधिक विश्वसनीय मानावा. झटक्यानंतर मृत झालेल्या स्नायूमुळे पुढे हृद्‌विफलता येते. ताणाचा हा मार्ग सर्वांत सुस्पष्ट होय. थेट हृद्‌विफलतेवरील काम तुलनेने थोडे आहे. अमेरिकी माजी सैनिकांच्या एका अभ्यासात (२०१५) आघातोत्तर ताणविकार (पीटीएसडी) असलेल्यांत तिचे प्रमाण जास्त आढळले.

ताकोत्सुबो विकार दीर्घकालीन ताणाच्या या परिणामांपासून वेगळा मानावा. हिरोशिमा येथील सातो व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये वर्णिलेल्या या विकारात तीव्र आघातानंतर डाव्या निलयाचे टोक फुगते व बहुधा काही आठवड्यांत पूर्ववत होते. त्याला ‘भग्नहृदय’ असेही म्हटले जात असले, तरी १,७५० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत (२०१५) भावनिक कारणांपेक्षा शारीरिक कारणे अधिक निघाली. सुमारे नव्वद टक्के रुग्ण स्त्रिया होत्या.

उपाय : हृद्‌विफल रुग्णांतील नैराश्यावर सर्ट्रालिन (२०१०) व एस्सिटालोप्रॅम (२०१६) या नैराश्यरोधक औषधांच्या चाचण्यांत औषध नसलेल्या नकली गोळीहून (प्लासिबो) अधिक लाभ दिसला नाही. भारतातील २४ रुग्णालयांत झटक्यानंतरच्या ३,९५९ रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली. तीत रुग्णांनी स्वतः सांगितलेली प्रकृती सुधारली. मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात व तातडीने दाखल होणे यांच्या एकत्रित प्रमाणात मात्र संख्याशास्त्रीय दृष्ट्या ग्राह्य घट झाली नाही.